घ्या की नवीन!

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली, तर ती बिघडल्याचं मला सर्वांत शेवटी कळतं. पण ती दुरुस्त होईल असं म्हणणारा मात्र मी पहिला असतो आणि बहुधा शेवटचाही. बाकीची मंडळी एका सुरात तीनच शब्द म्हणतात, "घ्या की नवीन!"

हे तीन शब्द मी पंख्याबद्दल ऐकले, मिक्सरबद्दल ऐकले, छत्रीबद्दल तर दर जूनमध्ये ऐकतो. एकदा दातांच्या डॉक्टरांनी ते माझ्या दाढेबद्दलही ऐकवले. मी गप्प बसलो. (तोंड उघडंच होतं, पण बोलण्याची सोय नव्हती.) मी मुळात भांडखोर माणूस नाही. हे विधान कृपया आमच्या घरी येऊन तपासू नये. परंतु हेच तीन शब्द जेव्हा माझ्या आयपॉडला उद्देशून उच्चारण्यात आले, तेव्हा माझा संयम सुटला आणि या विषयावर एकदा काय ते स्पष्ट बोलून टाकावं असं मी ठरवलं.

आता आयपॉड म्हणजे काय, हे ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. २३ ऑक्टोबर २००१ या दिवशी अमेरिकेत ॲपल कंपनीने खिशात मावणारी एक डबी जगापुढे ठेवली. तिच्यात ५ जीबीची जागा, म्हणजे हजारभर गाणी. एका खिशात हजार गाणी! आमच्या पिढीला एका कॅसेटवर बारा गाणी मिळाली तर 'आणखी दोन बसली असती' एवढीच हळहळ माहीत होती. माझा आयपॉड त्यानंतरचा, २००५ साली निघालेल्या जातीचा, ३० जीबीचा. कंपनीच्या हिशेबाने त्यात साडेसात हजार गाणी मावतात. २००६च्या डिसेंबरात आमचे मेव्हणे न्यू जर्सीहून आले तेव्हा त्यांनी तो आणला. एरवी ते बदाम आणतात.

वस्तू मोठी देखणी. पाठ अशी चकचकीत, की प्रवासात आरसा विसरला तरी दाढी करता यावी. पुढे एक चाक. ते फिरत नाही, त्यावर आपलं बोट फिरवायचं. आणि पोटात पावणेदोन इंचांच्या आसपासची खरीखुरी फिरती तबकडी! मिनिटाला ४२०० फेरे घेणारी. म्हणजे आमच्या आजोबांचा फोनोच की हो, फक्त कर्णा कापून काढलेला. ही तबकडी शहाण्या सरकारी कारकुनासारखी वागते. थोडा वेळ जोरात काम करून पुढची चार-सहा गाणी यंत्राच्या स्मरणात टाकते, आणि ती वाजेपर्यंत स्वस्थ झोपते. बॅटरी वाचते आणि कारकुनाची प्रकृतीही राहते.

अशा या तबकडीवर २००७ साली भाच्याने माझ्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमार्गे चढवून दिल्या. त्यांतल्या एका कॅसेटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिच्यावरूनच आहे.

१९७८च्या गणेशोत्सवात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात एका थोर बुवांचं गाणं झालं. बुवांचं नाव सांगत नाही, कारण ते गाणं वडिलांनी त्यांच्या परवानगीवाचून टेप केलं होतं. टेपरेकॉर्डर उपरण्याखाली, उपरणं मांडीवर आणि मांडीवरची व्यक्ती खोकल्याने बेजार. वडिलांना तेव्हा डांग्या म्हणावा असा खोकला झाला होता. पण खोकावं तर टेप बिघडणार. त्यांनी अख्खा विलंबित ख्याल श्वास कोंडून काढला. चेहरा आधी लाल, मग जांभळा. अखेर एका लांबलचक तानेच्या शेवटी जो बांध फुटला, तो नेमका समेवर. तबल्याची थाप आणि वडिलांचा खोकला एकदम! बुवा थांबले. दोन क्षण शांतता. आणि मग टेपमध्ये बुवांचा आवाज येतो, "वा! खोकला समेवर आला!" पुढे मिनिटभर नुसता हशा.

वडील १९९१ साली गेले. त्यांचे फोटो आहेत, सही आहे, चष्मा आहे. आवाज म्हणाल तर जगात तेवढा एक खोकला.

हे इतकं मोलाचं होतं तर दुसरी प्रत का नाही ठेवली, असं तुम्ही विचाराल. ठेवली होती. मूळ कॅसेट माळ्यावर होती. तिला दोन पावसाळ्यांत बुरशी आली, तेव्हा घरातून आवाज उठला, "कॉम्प्युटरवर आहे ना सगळं? मग द्या टाकून." दिली. पुढे कॉम्प्युटर संथ झाला. "घ्या की नवीन!" घेतला. जुना भंगारवाल्याने किलोवर नेला. त्या वेळी कुणीतरी, बहुधा मीच, म्हणालो, "आयपॉडवर आहे ना सगळं?" मग फोन आला, त्यात रेडिओ आला, गाणी आली, आणि आयपॉड २०१८च्या सुमारास टेबलाच्या खणात गेला. तीन पायऱ्या चढून वर गेलो आणि मागच्या शिड्या एकेक करून काढून घेतल्या. शेखचिल्ली निदान फांदीवर बसून फांदी तोडत होता. आम्ही फांदी तोडून वर तिचे पैसे भरत होतो!

२०२४च्या पितृपंधरवड्यात मला तो खोकला ऐकावासा वाटला. खणातून आयपॉड काढला, चार्जरला लावला. आतून 'टिक... टिक... टिक' असा, पाल चुकचुकावी तसा आवाज आला आणि पडद्यावर तोंड वाकडं केलेल्या आयपॉडचं एक चित्र उमटलं. यंत्राने स्वतःच्या मरणाची वर्दी इतक्या सभ्यपणे दिलेली मी प्रथमच पाहिली. शिवाय पाठही किंचित फुगल्यासारखी दिसत होती.

"बाबा, घ्या की नवीन!" आमचे चिरंजीव म्हणाले. मग त्यांनाच आठवलं की नवीन मिळत नाही. ती डबी २०१४ साली बाजारातून गेली आणि आयपॉड नावाचा शेवटचा अवतारही २०२२च्या मेमध्ये बंद झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. "पण लागतोय कशाला?" चिरंजीव म्हणाले, "फोनवर दहा कोटी गाणी आहेत."

"त्यात तुझ्या आजोबांचा खोकला आहे?"

चिरंजिवांनी खरोखर शोधून पाहिलं हो! खोकल्याची औषधं निघाली.

मी आयपॉड घेऊन एका चकचकीत दुकानात गेलो. आत इतका गारवा की वस्तू नाशवंत असाव्यात अशी शंका यावी. गळ्यात पट्टी घातलेल्या एका तरुणाने आयपॉड दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरला आणि म्हणाला, "सर, हे आता सपोर्टेड नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे याचं वय झालंय, सर. याला आता सपोर्ट नाही."

"वय माझंही झालंय. सपोर्ट मलाही फारसा राहिलेला नाही. मला काय करायचं?"

त्याने माझ्याकडे खरोखरच क्षणभर विचार केल्यासारखं पाहिलं. मग म्हणाला, "सर, एक्स्चेंजमध्ये पण नाही घेणार." हे आयपॉडबद्दल होतं असं मी धरून चालतो.

"उघडून तर बघा," मी म्हटलं.

"उघडत नाही, सर."

इथे माझं मस्तक फिरलं. अहो, उघडत नाही म्हणजे काय? नारळ उघडतो, शिंपला उघडतो, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं कपाट वर्षातून एकदा का होईना, पण उघडतं! माणसाने बंद केलेली वस्तू माणसाला उघडता येत नाही, हे यंत्राचं लक्षण नाही, विकणाऱ्याचं आहे. ही तक्रार काही माझ्या एकट्याची नव्हे. २००३ साली न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या दोघा भावांनी आयपॉडची बॅटरी बदलता येत नाही, यावर एक छोटा चित्रपट काढून गावभर बोभाटा केला होता. त्याच सुमारास कंपनीने पैसे घेऊन बॅटरी बदलून देण्याची योजना काढली. म्हणजे बॅटरी बदलता येत होती! 'येत नाही' म्हणजे 'आम्ही येऊ देत नाही', एवढाच त्याचा मराठी अर्थ. फ्रान्सात २०२१पासून काही वस्तूंवर ती किती दुरुस्त होते याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडेही २०२२च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल उघडलं. वाचून मला अभिमान वाटला आणि हसूही आलं. ज्या देशात भांड्याला कल्हई, शालूला रफू, गादीला पिंजण आणि छत्रीला काडी दारावर येऊन लावून मिळत होती, त्या देशाला दुरुस्तीचा हक्क इंग्रजी नावाने परत मिळतोय!

असो. माझा मोक्ष शेवटी तापकीर गल्लीत होता. पुण्यात ज्याला विजेचं काही अडलं आहे तो बुधवारातल्या या गल्लीत जातो आणि एका वायरीसाठी गेलेला माणूस तीन वायरी नि एक टॉर्च घेऊन परत येतो. तिथे एका जिन्याखाली चार फूट बाय चार फूट जागेत पंचविशीचा एक मुलगा बसतो. मी त्याला डॉक्टर म्हणतो. त्याने आयपॉड कानाला लावला, 'टिक टिक' ऐकली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काका, आधी चार्जर लावणं बंद करा. बॅटरी फुगलीय. आणि डिस्क जातेय, पण अजून पूर्ण गेलेली नाही. किती दिवस ठेवला होता तसाच?"

"सहा वर्षं."

डॉक्टर काही बोलला नाही. खरे डॉक्टरही असंच करतात.

मग त्याने माझ्यादेखत ती 'न उघडणारी' डबी उघडली. गिटार वाजवायच्या नखीसारखी एक प्लास्टिकची चकती घेतली, पुढचं पांढरं आणि मागचं चकचकीत यांच्या फटीत घातली आणि हळूहळू कडेने फिरवली. आतले बारीक खटके एकेक करून सुटत गेले, टक्, टक्, टक्. लोखंडी हत्यार घातलं तर पाठीचा पत्रा वाकतो आणि मग तो जन्मात सरळ होत नाही, म्हणून प्लास्टिक. पण दोन्ही अर्ध्या एकदम ओढायच्या नाहीत. आत त्यांना केसाएवढ्या नाजूक पट्ट्यांनी बांधलेलं असतं. घाई केली की पट्टी तुटते. हे ऐकून मला आमच्या भाऊबंदकीतली वाटणी आठवली, पण तो विषय वेगळा.

आत काय होतं? दोन्ही अंगांना निळ्या रबराच्या उशा लावून निजवलेली एक तबकडी, तिच्याशेजारी पोट फुगलेली बॅटरी, आणि एक हिरवी पाटी. संपलं! वीस वर्षं ज्याला जादू म्हणून भ्यायलो, ते अंगठ्याएवढ्या जागेतलं एक नेटकं बिऱ्हाड होतं. तबकडी नुसती पट्टीने जोडलेली, डाग नाही, झाळ नाही. काढा आणि दुसरी लावा.

दुसरी तबकडी आता कुणी लावतही नाही. तिच्या जागी हातभट्टीच्या... नाही, हातच्या कारागिरांनी बनवलेली एक छोटी पाटी बसते. तिला मेमरी कार्ड खोचायचं. आयपॉडला वाटतं, आपली जुनी तबकडीच आहे. यात काही फिरत नाही, त्यामुळे पडलं तरी बिघडण्याची धास्ती कमी, वजन हलकं आणि बॅटरी जास्त पुरते. काही जातींच्या आयपॉडांना १२८ जीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. खणांचे नंबर लिहायला त्यांच्याजवळ अंकच तेवढे. माझ्या जातीला येतं. फक्त गाण्यांची यादी लक्षात ठेवायला स्मरण बेताचं, म्हणून फार हजारांवर गेलं की ते अडखळतं. माझंही तसंच आहे. आमचं जमलं.

"कार्ड तुम्ही आणा, काका," डॉक्टर म्हणाला, "पण चांगलं आणा."

आता काटकसर हा आमचा कुळधर्म. गल्लीतून बाहेर पडताना पदपथावर एकाने मला चारशे रुपयांत ५१२ जीबीचं कार्ड दिलं. डॉक्टरने ते मशीनला लावून तपासलं. निघालं ८ जीबीचं! या खोट्या कार्डांची गंमत अशी, की ती विचारलं तर ५१२ सांगतात, भरलेला माल 'घेतला घेतला' म्हणतात, आणि आठाच्या पुढचं सगळं हवेत सोडून देतात. शोधायला गेलात की मगच कळतं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अगदी असेच आहेत. त्यांना लोक कामं सांगत असतात आणि ते वहीत लिहूनही घेतात. असो, चारशे रुपये गेले. मग मुकाट्याने २५६ जीबीचं खरं कार्ड घेतलं. बॅटरी, पाटी, कार्ड आणि डॉक्टरची फी मिळून साडेचार हजार झाले. चिरंजिवांनी लगेच हिशेब मांडला, की इतक्यात कितीतरी महिने दहा कोटी गाणी मिळाली असती.

हाच तो हिशेब ज्यावर मी चिडतो. 'मिळाली असती' म्हणजे भाड्याने. आम्ही वाड्यात भाडेकरू म्हणून जन्म काढलेली माणसं, आम्हाला भाड्याचं काही सांगू नका! मालक कितीही गोड असला तरी किल्ली त्याची असते. २०२३च्या मार्चमध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांच्यात कराराचं जमलं नाही, तर लोकांच्या याद्यांमधली कितीतरी हिंदी गाणी एका दिवसात उठली. त्यात ऐकणाऱ्याचा काय गुन्हा? त्याने तर भाडं वेळेवर भरलं होतं. नवीन वस्तूशी माझं वैर नाही. मीही फोनवर गाणी ऐकतो, बातम्यांपेक्षा ती बरी. माझा राग आहे तो जुन्यातलं काय जपायचं हे न बघता 'द्या टाकून' म्हणणाऱ्या तोंडावर, आणि त्या तोंडांत एक माझंही होतं हे मी वर कबूल केलंच आहे.

जुन्या तबकडीवरून वाचेल तेवढं वाचवायला डॉक्टरला दोन रात्री लागल्या. त्यातही एक विनोद झाला. हे यंत्र गाण्यांना आपल्या पद्धतीने चार-चार इंग्रजी अक्षरांची अर्थहीन नावं देऊन पन्नासेक कप्प्यांत विखरून ठेवतं. डॉक्टरने मला यादी दाखवली तेव्हा मारवा कुठला नि लावणी कुठली, काही पत्ता लागेना. 'क्यूझेडटीआर' नावाची भैरवी मी प्रथमच पाहिली. पण खरी नावं गाण्याच्या पोटात असतात, ती पुढे आपोआप वर आली.

सगळं नाही मिळालं. दोनशेच्या आसपास गाणी गेली. त्यांतली पुष्कळशी पुन्हा मिळवता येतील, काही येणार नाहीत. वाड्यातल्या त्या गाण्याची दुसरी बाजू अर्ध्यावर तुटते. बुवांनी शेवटी म्हटलेली भैरवी गेली. तबकडी त्या जागी खरवडली गेली होती. "काका, चार वर्षांपूर्वी आला असतात तर..." एवढं म्हणून डॉक्टर गप्प झाला. चार वर्षं ती डबी माझ्या हातापासून दीड फुटावर होती. तिच्यावर लाईटची बिलं ठेवलेली होती.

पण पहिली बाजू सबंध आली. आता तिच्या तीन प्रती आहेत. एक आयपॉडमध्ये, एक चिरंजिवांच्या कॉम्प्युटरवर, आणि एक न्यू जर्सीला मेव्हण्यांकडे. मेव्हण्यांना ताकीद दिली आहे की बदाम नाही आणले तरी चालतील.

आयपॉड घरी आणला त्या रात्री मी तो छोट्या स्पीकरला जोडून गॅलरीत लावला. चाकावरून बोट फिरवलं. बुवांचा षड्ज लागला, वाड्यातलं कुणाचं तरी मूल रडलं, कुणीतरी 'श्शू' केलं. चिरंजीव दाराशी येऊन उभे राहिले, हातात फोन होता, पण तो बंद होता. ख्याल वाढत गेला. तान सुरू झाली तशी मी बोटावर मात्रा मोजायला लागलो. तेरा, चौदा, पंधरा, सोळा... आणि समेवर आमचे वडील खोकले.

आतून भांडी आवरण्याचा आवाज थांबला.

"मामंजींना त्या दिवशी आल्याचा काढा दिला होता मी," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "घेतला नाही. म्हणाले, गाणं झाल्यावर घेतो."